आमच्या घरात इंग्रजी बंद

आमच्या घरात इंग्रजी बोलायला बंदी आहे. ती मी घातली आहे.

चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये मी एका कारखान्याचं स्टोअर सांभाळतो. तिथे नवा मॅनेजर आला. आडनाव अस्सल आमच्या कुडाळकडचं, पण साधे स्क्रू संपले तरी मी त्याला इंग्रजीत मेल टाकायचा, असा त्याचा हुकूम! अहो, मी समोरच्या खुर्चीत बसलोय, आणि हा मला ‘प्लीज रिव्हर्ट’ म्हणतो! डोकं फिरलं माझं. ऑफिसात तोंड उघडायची सोय नाही, म्हणून घरी येऊन बंदी घातली (राग काढायला माणसाला घर लागतंच).

नेमकी तेव्हाच आमची सई एम.ए.च्या प्रबंधाला ‘घरातली आणि कामावरची इंग्रजी’ हा विषय घेऊन बसली.

“बाबा, तू घरी इंग्रजी कधी बोलतोस, ते बघायचंय मला.”

“कधीच नाही. लिहून घे.”

“अरे, घरातलं काहीच मिळालं नाही तर मॅडम विषयच बदलायला सांगणार. वर्ष जाईल ना माझं!”

“मग मी काय खोटं बोलू?”

शेवटी तिने मॅडमनाच जेवायला बोलावलं. बायकोने सुरमई तळली. मी मुद्दाम टेबलाला मेज म्हणालो, फ्रिजला शीतकपाट म्हणालो. मॅडमनी हळूच वही मिटली. सईचं तोंड एवढंसं झालं आणि मला, खोटं कशाला बोलू, भयंकर आनंद झाला.

तेवढ्यात आमच्या बंड्या नावाच्या कुत्र्याने मेजावर दोन पाय ठेवून मॅडमच्या ताटातली तुकडी उचलली.

“मेल्यान सुरमई नेल्यान!” बायको ओरडली.

“बंड्या, सोड ती!” मी गरजलो. त्याने माझ्याकडे ओळख नसल्यासारखं पाहिलं.

“खाली ठेव! मुकाट्याने बस!”

बंड्या शांतपणे सोफ्याखाली निघाला. पाहुणीच्या ताटातला मासा आमच्या घरातून असा जातो म्हणजे काय? माझ्या मस्तकात तिडीक गेली.

“नो! बंड्या, नो! ड्रॉप इट! सिट! बॅड बॉय! गो टू युवर प्लेस!”

बंड्याने तुकडी ठेवली, बसला, मग उठून खाली मान घालून गॅलरीतल्या आपल्या गोणपाटावर गेला.

मॅडमनी वही उघडली. “हे त्याच्याशी नेहमी इंग्रजीतच बोलतात?”

“रोज,” बायको म्हणाली. “सकाळी उठल्यावर गुड मॉर्निंग, हाउ आर यू, सगळं होतं. मला कधी विचारलं नाही.”

“साफ खोटं आहे हे!” मी म्हणालो. गॅलरीतून बंड्या शेपूट हलवत होता.

सईचा विषय मंजूर झाला. त्यात एक अख्खं प्रकरण माझ्यावर आहे आणि मला त्याचा अजून संताप येतो. बंदी मात्र मी उठवलेली नाही. ऑफिसात मॅनेजर माझं ऐकत नाही, घरात बायको आणि मुलगी ऐकत नाहीत. माझा हुकूम मानणारा जगात एकच जण आहे, आणि त्याला मराठी कळत नाही.