आरशावरचं कुंकू

खंडेनवमीला आमच्या कारखान्यात पत्रा दाबणाऱ्या प्रेस मशीनची पूजा झाली. कुणीतरी मशीनच्या कोपऱ्यातल्या आरशालाही कुंकवाची बोटं ओढली. या मशीनपुढे न दिसणाऱ्या उजेडाचा पडदा असतो. आरसा तो उजेड बाजूलाही वळवतो. मध्ये हात आला की मशीन जागीच थांबतं. आता कुंकवानं उजेड अडला आणि दसऱ्यानंतर प्रेस सुरूच होईना.

मशीनची दुरुस्ती माझ्याकडे. सुपरवायझर मला म्हणाला, "आबा, पडदा सोडून वायर डायरेक्ट जोडा. माल अडलाय."

"आणि सुनंदाचा हात अडकला तर?" प्रेसवर सुनंदाच बसते.

"सांभाळून करेल की ती."

"मग तुम्हीच बसा ना साहेब, सांभाळून!"

सुनंदा तोंडाला पदर लावून हसली. मला मात्र हसू येईना. मी चौथी शिकलेला माणूस, पण एवढं कळतं. बाकीच्या आरशांत आपण आपलं तोंड बघतो. हा एकटाच दुसऱ्याच्या हातांवर नजर ठेवून उभा असतो. वर्षातून एकदा त्याला नमस्कार करायचा आणि दोन दिवसांनी त्यालाच आंधळा करायचा? ही कसली पूजा?

मी आरसा ओल्या फडक्यानं पुसला. दोन मिनिटं लागली. चालत्या प्रेसपुढे लाकडी पट्टी धरून बघितली. मशीन थांबलं. मग कुठे मी सुनंदाला बसू दिलं.