राखेचं गाडगं

सत्तरी ओलांडलेल्या माणसाने घरात प्रेम वाढवायला जाऊ नये. मी गेलो. आता काय झालं ते सांगतो, पण हातातला चहा आधी संपवा. ठसका लागायचा.

आमची सूनबाई मुलाबरोबर शिरवळला असते. उन्हाळ्यात गावी आली, तेव्हा तिने मोबाईलवर एका बाईंचं भाषण दाखवलं. बाई गोऱ्यापान आणि त्यांचं घर बाईंहून गोरं. त्या म्हणाल्या, घरातला पसारा म्हणजे मनातला पसारा! बिनकामाचं असेल ते बाहेर काढा, कामाच्या प्रत्येक वस्तूला जागा ठरवून द्या, आणि बघा नवरा-बायकोचं प्रेम कसं वाढतं!

मला एकदम उलगडलं. आमच्यात इतकी वर्षं भांडणं का झाली? पसाऱ्यामुळे! लोक उगाच माझ्या स्वभावाला नावं ठेवत होते.

सूनबाई परत गेली आणि नेमकी हौसा, म्हणजे आमची मंडळी, भावजयीच्या ऑपरेशनसाठी मिरजेला गेली. घरात मी आणि पसारा, दोघंच.

स्वयंपाकघरातले डबे मी उंचीप्रमाणे उभे केले, शाळेत कवायतीला करायचे तसे. शाळा माझी चौथीतच सुटली, पण रांग डोक्यात पक्की आहे. बिनदांड्याची कढई, फुटकी बादली, सगळं भंगारवाल्याला दिलं. मग उतरंडीमागे सापडलं एक तोंड बांधलेलं गाडगं. सोडून बघतो तर काय? राख!

तुम्हीच सांगा, घरात गॅस असताना राख फडक्यात बांधून जपणारी बाई कुठे पाहिलीत? मनातला पसारा तो हाच! नेऊन उकिरड्यावर पालथं केलं. गाडगं घासलं, त्यात कण्हेरीची फुलं खोचली आणि फळीवर मधोमध ठेवलं. त्या गोऱ्या बाईंना सुद्धा सुचलं नसतं.

हौसा आली. दारातच थबकली. डब्यांकडे पाहिलं, गाडग्याकडे पाहिलं, आणि डोळ्यांत टचकन पाणी!

मी मनात म्हटलं, वाढलं प्रेम!

"आवं, ह्यात काय हुतं?"

"राख," मी ऐटीत म्हणालो.

"मग राख कुठाय?"

"दिली उकिरड्यावर टाकून. तू काय काळजी करू नगंस. समदं मी एकट्यानं केलंय."

तिने पदर डोळ्यांना लावला. मलाही भरून आलं. "अगं, एवढं काय त्यात? आता दर म्हैन्याला आवरत जाईन की!"

ती मोठ्याने रडायला लागली.

"आवं द्येवमाणसा, राखंत माझं बी हुतं! दोडका, भोपळा, वाळूक! लग्नात आईनं कवठ्यासनं दिल्यालं. दरसाल धरत आले. किडा लागू नये म्हून राखंत ठिवलं हुतं. आता आई न्हाई, कुणाला मागू?"

कवठे महांकाळच्या माळावरचं ते बी, ओंजळभर पाण्यावर येणारं. आईची तेवढीच आठवण तिने जपली होती.

हौसा भांडली असती तर बरं झालं असतं. पण ती भांडी सुद्धा आवाज न करता घासायला लागली. घर नीटनेटकं आणि मसणासारखं शांत!

मी चाळण घेऊन उकिरड्यावर बसलो. शेजारचा शिदू थांबला.

"आण्णा, काय हारवलंय?"

"प्रेम."

"उकिरड्यात?"

"वाढवाय गेलो हुतो, गड्या. सांडलं."

म्हाताऱ्याला ऊन लागलंय, असं त्याने गावभर सांगितलं. चाळणीत काय आलं म्हणाल, तर शेंगांची फोलपटं, कोंबड्यांनी टोचलेल्या चार-दोन बिया आणि माझाच हरवलेला चष्मा. इतरांचा पसारा शोधायला निघालेला मी! बिया परत मातीत दाबल्या आणि उठलो.

आठ-दहा दिवसांनी परसातून हाक आली. "आवं, हिकडं या जरा!"

मी धावलो. म्हणजे माझ्या मानाने.

आमच्या न्हाणीचं पाणी उकिरड्याच्या कडेने वाहतं. तिथे ओळीने हिरवे कोंब वर आले होते. हौसा वाकून एकेका पानाला बोट लावत होती. "ह्यो भोपळा. ह्यो दोडका. ह्ये वाळूक... का भोपळाच? समदं कालवून ठिवलंय बघा ह्या बाबानं!"

"अगं, पण उगवलं की! म्हंजे मी..."

"गप ऱ्हावा!"

पण हसली. किती दिवसांनी!

संध्याकाळी सूनबाईचा फोन आला. "मामा, घर आवरलं म्हणे! पडला का काही फरक?"

मी तोंड उघडायच्या आत हौसाने फोन घेतला. "लय पडला! तुझ्या त्या बाईचं खरं हाय गं. बिनकामाचं हुतं त्ये म्या बाहीर काढलं. आन त्येलाबी जागा ठरवून दिलीया."

तेव्हापासून माझी बाज उकिरड्याशेजारी आहे. हातात काठी घेऊन मी दिवसभर वेलांवरच्या कोंबड्या हाकतो. भंगारवाल्याकडून कढई परत आली, डब्यांची रांग मोडली, माझी ही जागा तेवढी बदलली नाही.

दिवस कलला की हौसा चहा घेऊन येते, बाजेच्या कडेला टेकते, बराच वेळ बसते. खोटं कशाला बोलू, प्रेम वाढलंय. फक्त कप माझ्या हातात देताना तिची नजर दोडक्यावर असते.