गंगाधररावांचा जिना

गंगाधर पाठक एका शाळेत हेडक्लार्क होते. छत्तीस वर्षांत त्यांच्या टेबलावर कुणाचा कागद अडला नाही, असं शाळेतले अजून सांगतात. घराच्या बाबतीत मात्र त्यांचं तसं नव्हतं.

निवृत्तीनंतर त्यांनी जुळे सोलापूर वस्तीतल्या घरावर दोन खोल्या चढवल्या आणि बाहेरून जिना काढला. वर बँकेत नोकरी करणारी चेतना भाड्यानं राहायची.

"काका, जिन्याचा कठडा हलतोय," तिनं पावसाळ्याआधी सांगितलं. गणपतीत पुन्हा सांगितलं. दसऱ्याला तर मोबाइलवर फोटोच पाठवला, खालचा बोल्ट भिंतीतून निघालेला.

"दिवाळीनंतर वेल्डरला बोलावतो," गंगाधररावांनी कळवलं.

दिवाळीच्या आदल्या आठवड्यात महादेवी वर कडक भाकरी द्यायला गेली. ती घरोघरी भाकरी पोचवायची, पाठकांकडेही तिचीच यायची. उतरताना तिनं कठडा धरला आणि त्याच्यासकट खाली फरशीवर आली. उजव्या मनगटाचा चुरा झाला.

रिक्षा गंगाधररावांनीच आणली. संध्याकाळी ते दवाखान्यात निघाले, तेवढ्यात वकिली करणारा भाचा अवधूत आला.

"मामा, जाऊ नका. जागा तुमची, दुरुस्ती तुमच्याकडे. तिथं 'चुकलं' म्हणून आलात, तर उद्या कोर्टात तेच तुमच्यावर उलटेल."

"अरे, पण बाई माझ्या दारात पडली!"

"म्हणूनच सांगतोय."

त्यांच्या पत्नी मालतीबाई डबा भरून उभ्या होत्या. गंगाधररावांनी पायातल्या चपला काढल्या. दुसऱ्या दिवशी वेल्डर मात्र आला. वीस मिनिटांत काम झालं.

महिन्याभरानं महादेवीच्या मुलीची, भुवनेश्वरीची, नोटीस आली. अवधूतनं उत्तर लिहिलं : बाईंच्या डोक्यावर ओझं होतं, पायरीकडे लक्ष नव्हतं, चूक त्यांचीच. खरं तर उतरताना तिची भाकरीची टोपली रिकामी होती. गंगाधररावांनी दोनदा वाचलं आणि सही केली.

खटला तीन वर्षं चालला. गंगाधरराव साक्षीला उभे राहिल्यावर समोरच्या वकिलांनी विचारलं, "कठडा सैल आहे हे तुम्हाला ठाऊक होतं?" आठवत नाही, असं म्हणायचं ठरलं होतं.

"ठाऊक होतं," गंगाधरराव म्हणाले. "मला तीनदा सांगितलं होतं. आणि टोपली रिकामी होती."

निकाल त्यांच्याविरुद्ध गेला. अपील न करता त्यांनी भरपाई भरली आणि मग महादेवीच्या घरी गेले. भुवनेश्वरी भाकऱ्या थापत होती. महादेवी डाव्या हातानं पाकिटं भरत होती. उजवा पंजा आता वळत नव्हता.

"महादेवी, माझं चुकलं."

तिनं हातातलं पाकीट बाजूला ठेवलं. "कोर्टात खरं बोललात, लई बरं केलंत. पर अण्णा, आट दिस दवाखान्यात व्हते मी. कुणी आत आलं की वाटायचं, तुमीच आलात. तुमच्या घरची भाकरी धा वर्सं थापली की मी."

"तो वकील…" ते बोलायला लागले आणि थांबले. अवधूतनं काही त्यांचा हात धरून ठेवला नव्हता.

भुवनेश्वरीनं त्यांना बसा म्हटलं नाही. ते निघाले तेव्हा मागून महादेवीनं विचारलं, "मालतीबाई बऱ्या हायत न्हवं?"

"बरी आहे," एवढंच त्यांच्या तोंडून निघालं.