शेवटच्या पानाआधी जीप सुटत नाही

शेलूबाजार ते वाशीम या रस्त्यावर जितके खून झाले, तितके अख्ख्या विदर्भात कुठे झाले नसतील, आणि ते सगळे एकाच काळ्यापिवळ्या जीपमध्ये झाले. लगेच सांगते, यात कोणाला इजा झालेली नाही. जीपवाले काका रहस्यकथा वाचतात, एवढंच. ते आमच्या गल्लीत राहतात आणि कॉलेजात नाव घातल्यापासून मी रोज त्यांच्याच जीपनं वाशीमला जाते. आमच्या घरात कॉलेजात जाणारी मी पहिलीच. पुस्तकांविषयी लिहिण्याइतकं माझं वाचन नाही. पण काकांविषयी कोणीतरी लिहायला हवं, असं मला बरेच दिवस वाटत होतं.

बाकीच्या जीपा भरल्या की सुटतात. काकांची जीप प्रकरण संपलं की सुटते. टपावर कांद्याची पोती बांधलेली, आत माणसं मांडीला मांडी लावून बसलेली, आणि काका स्टिअरिंगला पुस्तक टेकवून शांत. कोणी "चला ना काका" म्हटलं, तर वर न बघता म्हणायचे, "थांब न बाप्पा, इन्स्पेक्टर आत्ताच घरात घुसून राह्यला." मग गाडी निघाली की नुकतंच वाचलेलं प्रकरण ते मोठ्यानं सांगत. सुरा निघाला की गाडी हळू व्हायची, पाठलाग सुरू झाला की आम्ही सगळे दांडी धरायचो. एकदा अर्ध्या रस्त्यात चढलेल्या एका बाईनं अर्धीच गोष्ट ऐकली, उतरल्यावर गावभर सांगितली, आणि दुसऱ्या दिवशी एक गृहस्थ स्टँडवर काकांना विचारत आले, की अकोल्यातला कोणता सावकार मारला गेला, कारण आमची मुलगी तिथेच दिली आहे. काकांनी त्यांना चहा पाजला, धीर दिला आणि पुढचं प्रकरण ऐकायला गाडीत बसवून घेतलं.

दुसऱ्या प्रकारचं पुस्तक त्यांच्या हाती टिकत नसे. मी एकदा प्रेमकथा दिली. दोन दिवसांनी परत देत म्हणाले, "दोघं पयल्या पानावरच राजी हायेत. मंग एवढं पुस्तक कायले?" आत्मचरित्रावर त्यांचा विश्वास नव्हता, कारण आपलं आपणच सांगायचं म्हटल्यावर साक्षीदार कोण? कवितेचं पुस्तक त्यांनी उलटंसुलटं करून पाहिलं आणि अर्धं पान कोरं सोडल्याबद्दल हळहळले. मी सुट्टीत यशस्वी होण्याविषयीची पुस्तकं वाचते हे कळल्यावर मात्र त्यांनी नुसतं विचारलं, "त्यात कोनी सापडते का शेवटी?"

काकांची पुस्तकं रद्दीच्या दुकानातून येत. त्यामुळे एक घोटाळा झाला. गढीवरच्या मालकाच्या खुनाची एक मोठी गोष्ट रंगात आली होती. भाचा, दुसरी बायको, दिवाणजी, ड्रायव्हर, सगळ्यांवर संशय. आणि ऐन वेळी शेवटची पानं गायब. दुसरा कोणी असता तर त्यानं मनानं शेवट लावून दिला असता. काका म्हणाले, "पुराव्याबिगर मी कोनाचं नाव नाई घेत." फक्त ड्रायव्हरला त्यांनी पहिल्याच दिवशी सोडून दिलं होतं. "गाडीवाला मानूस गाडी सोडून जाते कुठं? तो बाहीर बसून होता."

शेताच्या भांडणात कोर्टाच्या तारखा करणारे एक भाऊ मागच्या सीटवर असायचे. ते म्हणाले, "बाहीर होता याले साक्षीदार कोन?"

"मी हावो ना," काका म्हणाले. "मी त्याची जबान देतो."

पुढे कित्येक दिवस जीपमध्ये तोच खटला चालला. एका सकाळी काका मला हळूच म्हणाले, "तुह्या कॉलेजात मोठी लायब्ररी हाय म्हनते. एवढं पाहून दे पोरी. मले झोप नाई येऊन राह्यली." कॉलेजच्या ग्रंथपालांनी असली पुस्तकं ठेवत नाही म्हणून सांगितलं. शेवटी वाशीममधल्याच एका जुन्या वाचनालयात ते पुस्तक सापडलं. सभासद नसल्यानं घरी नेता येईना, म्हणून मी शेवटच्या पानांचे मोबाइलवर फोटो काढले आणि तिथेच उभी राहून ती वाचली. वाचल्यावर वाटलं, सापडलं नसतं तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी मी मोबाइल काकांच्या हातात दिला. त्यांनी सावकाश वाचलं, पुन्हा वाचलं, मोबाइल परत केला आणि गाडी सुरू केली. प्रकरण संपवून नव्हे, नुसतीच. मागून भाऊंनी विचारलं, "काय झालं काका, सापडला का?" मला वाटलं, काका आता भाच्याचं नाव घेतील. घेतलं असतं तरी कोणाला कळलं नसतं. मी तर बोलले नसते. बराच रस्ता गेल्यावर काका समोर बघतच म्हणाले, "ड्रायव्हर निघाला."

मग महिन्याच्या गोळ्या आणायला जाणारी आजी म्हणाली, "मंग तुमी जरा हळू चालवा, बाप्पा." सगळे हसले. काका हसले नाहीत.

त्यानंतर जीप भरली की सुटू लागली. आम्ही वेळेवर पोचायला लागलो आणि कोणालाच ते आवडलं नाही. पोरं मोबाइलमध्ये डोकं घालून बसत, आजी झोपत. भाऊ एकदा नुसतंच म्हणाले, "कोर्टात बी मानूस चुकते, काका." काकांनी गिअर बदलला.

आता माझं शेवटचं वर्ष आहे. पुढच्या वर्षी मी या जीपमध्ये असेन की नाही, माहीत नाही. गेल्या आठवड्यात रद्दीच्या दुकानातून मी एक जाड रहस्यकथा आणली, शेवटची पानं तपासून. काकांनी ती हातात घेतली, उघडली नाही. म्हणाले, "तू वाचली?"

"हो."

"सांगू नको कोन हाय तो. एवढंच सांग, याच्यात ड्रायव्हर हाय का?"

"नाही," मी म्हणाले.

गाडी भरलेली होती. काकांनी किल्लीवरचा हात काढला, चष्मा लावला आणि पहिलं पान उघडलं. मला पहिल्या तासाला उशीर होणार होता. मागे कोणीही "चला" म्हटलं नाही.