खाडीकाठच्या धर्मशाळेचे छप्पर

माझे वडील, अण्णा, ठाण्याच्या कोर्टात कारकून होते, आणि कोपरीकडच्या खाडीकाठी असलेल्या धर्मशाळेची देखरेख त्यांच्याकडे होती. आई पूर्वीच गेलेली. मी विधवा होऊन माहेरी परतले तेव्हापासून घरात आम्ही दोघेच होतो.

त्या वर्षी दिवाळीनंतर, पाऊस संपला असे सगळे धरून चालले असताना, वादळ आले. वारा आणि भरती एकाच वेळी आल्याने मिठागरांचे बांध फुटले आणि आगरी लोकांच्या झोपड्यांत खाडीचे पाणी शिरले. अण्णा कोर्टातून परस्पर तिकडे धावले. घरोघर हाका मारून त्यांनी लोकांना धर्मशाळेत आणले. "दगडी इमारत आहे, इथे काही होणार नाही," असे दारात उभे राहून ते प्रत्येकाला सांगत होते. बायकामुलांना त्यांनी वाऱ्यापासून लांब, मागच्या भिंतीशी बसवले.

भिंत दगडी होती, पण दगड नुसत्या मातीत बसवलेले होते. दुपार कलता कलता तीच भिंत आत कोसळली, आणि तिच्यामागोमाग छपराचे आढे खाली आले.

अण्णा घरी आले तेव्हा त्यांच्या हातांना कोपरापर्यंत चिखल होता. मी पाणी घातले, तरी ते हात पुढे धरूनच बसले. "मीच बोलावलं त्यांना," एवढेच म्हणाले.

त्यानंतर त्यांना दुसरे काही सुचेना. कोर्ट सुटले की ते वर्गणीसाठी दारोदार जात. देवळाला सढळ हाताने देणारी माणसे म्हणत, जिथे इतके जीव गेले ती जागा आता वाईट, तिथे कशाला बांधता? कुणी जुने वासे दिले, एका भट्टीवाल्याने चुना दिला. तेवढ्यावर पौषात काम सुरू झाले. मिठागरावरच्या बायका आपले काम आटोपून दगड वाहायला येऊ लागल्या. त्यांच्यातल्या एकीची मुलगी त्या भिंतीखाली गेली होती. मी कळशी घेऊन पाणी पाजायला जात असे. विधवेने असे खाडीवर जावे याची आळीत चर्चा झाली. अण्णांनी तिकडे लक्ष दिले नाही.

एकदा मी त्या मुलीच्या आईला विचारले, "तुला इथे यायला कसं होतं?"

तिने पाणी पिऊन पदराने तोंड पुसले. "घरी बसून तरी काय करू, ताई? तिथं पन तीच दिसते."

चैत्रात भिंती उभ्या राहिल्या आणि मदत आटली. छपराला काही उरले नव्हते. तेव्हा मुंबईचे एक शेटजी, ज्यांची ठाण्यात वखार होती, ते स्वतः जागा पाहायला आले. कौले, सागवान, फरशी, सारे देतो म्हणाले.

"फक्त एक करा, अण्णासाहेब. ही मिठागरची माणसं आत नकोत. चांगले लोक उतरणार नाहीत मग."

अण्णा नव्या भिंतीकडे वळले. मला वाटले, हो म्हणतील. खरे सांगायचे तर त्यांनी हो म्हणावे असेच मला वाटत होते, इतके ते खंगले होते.

"मग नको," ते म्हणाले.

शेटजी गेल्यावर ते दगडांच्या ढिगावर बसले. "आता कुणाकडे जाऊ गं? एकही दार राहिलं नाही," म्हणाले, आणि तोंडावर उपरणे घेऊन रडले. वडिलांना रडताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिले.

शेवटी मिठागरच्या लोकांनीच माडाची झापे आणि गवत घालून छप्पर केले. आषाढाच्या वाऱ्याने ते निम्मे उडाले. अण्णा भर पावसात तिथे उभे राहून झापे बांधत, आणि त्यातच त्यांनी तापाने अंथरूण धरले.

भाद्रपदात, जिची मुलगी गेली होती ती आगरी बाई आमच्या मागच्या अंगणात आली. अण्णांचा बिछाना खिडकीशीच होता.

"दादा, दिवा गावाकडची मानसं होडीनं आलेली," ती म्हणाली. "संगं आजारी म्हातारा. धर्मशाळेत राहिली."

"गळत होतं का?" अण्णांनी विचारले.

"गळत व्हतं. कोपऱ्यात बसली सगली."

"कुठल्या कोपऱ्यात?"

ती पदराचे टोक बोटाला गुंडाळू लागली. मागच्या भिंतीचाच, हे अण्णांनी ओळखले. त्यांनी कूस बदलली.

दसऱ्याच्या आधीच ते गेले. कौले पुढे फार वर्षांनी बसली, दुसऱ्या कुणाच्या दानातून. ते दान करणाऱ्याचे नाव दारावर कोरले आहे असे ऐकते. मी ते वाचायला गेले नाही. अण्णा गेल्यावर त्या इमारतीत पाऊल ठेवणे मला जमले नाही, आणि आता या वयात जमेल असेही वाटत नाही.