मशिनांची पंगत

फोन आला तेव्हा मी गहू निवडत होते.

"वहिनी, आपली खोली खाली होतेय," संजय म्हणाला. "मशिनं भंगारात चाललीत. शनिवारी टेम्पो येईल. एकदा बघून जाता?"

आपली खोली म्हणजे देवासच्या एका सोयाबीन तेलाच्या कारखान्यातली मागची खोली. नव्वदच्या दशकाच्या शेवटी माझे यजमान श्रीकांत यांनी तिथं सहा कंप्युटर वायरनं एकमेकांना जोडले. देवास आणि धार जिल्ह्यांतला पाऊस, पेरा, मंड्यांतली रोजची आवक, असे कित्येक वर्षांचे लाखो आकडे सहांत वाटून द्यायचे आणि यंदा कुठल्या तहसिलीतून किती सोयाबीन येईल ते काढायचं, हा उद्योग. संजय पवार प्रोग्रॅम लिहायचा, मी आकडे तपासायचे, आणि खरेदी बघणारे तिवारीजी येऊन टिंगल करायचे.

अशा खोलीत किस्से धुळीसारखे साठतात. कुणी मुद्दाम साठवत नाही, कपाट सरकवलं की दिसतात. पण श्रीकांत गेले त्याला वर्ष होत आलं होतं, आणि वर्षभर माझ्यासमोर त्यांचा एकही किस्सा कुणी सांगितला नव्हता. मी कुणाकडे गेले की हसणं थांबायचं आणि खुर्ची पुढे यायची. माणूस गेला, त्याच्यावरचं हसणंही गेलं की काय, याची मला धास्ती बसली होती. ती घेऊनच शनिवारी गेले.

संजय आणि तिवारीजी माझ्या आधीच येऊन उभे होते. मग तिवारीजींनी एका मशिनच्या फटीत बोट घालून बाहेर काढलं. बोट लाल!

"भाभीजी, अभी तक है!"

*

कारखान्यात दसऱ्याला यंत्रांची पूजा असायची. एका वर्षी तिवारीजी आमच्याही खोलीत शिरले. प्रत्येक मशिनच्या कपाळाला कुंकू लावायचं ठरलं. आता कंप्युटरचं कपाळ कुठलं? त्यांना बरोबर फ्लॉपीची फट दिसली!

दिवाळीपर्यंत आमची प्रत्येक फ्लॉपी मळवट भरून बाहेर येत होती. श्रीकांत रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "तिवारीजी, पुढच्या वर्षी नारळ तेवढा बाहेर फोडा."

संजयनं हा किस्सा सांगता सांगता माझ्याकडे चोरून पाहिलं. मी हसत होते. त्याचे खांदे खाली आले. माझेही.

*

पहिल्या वर्षीचा अंदाज तर विसरण्यासारखा नव्हताच. टोंकखुर्द तहसिलीचा आकडा ठीक, गंधवानीचा ठीक. उदयनगर जंगलातलं, तिथं सोयाबीन मुळातच बेताचं. आमच्या गणितानं त्याला कमी करत करत शून्याच्या खाली नेलं. कागदावर स्पष्ट, उणे चिन्हासकट!

तिवारीजींनी चष्मा लावून ते दोनदा वाचलं. त्यांच्या माळवी तोंडात 'भैया'चं कायम 'भिया' व्हायचं.

"मतलब भिया, उदयनगर को माल अपन को देना पड़ेगा?"

"हो," श्रीकांत शांतपणे म्हणाले. "ट्रक तुमच्या नावावर काढतो."

*

पुढच्या वर्षी उलटंच झालं. मागच्या हंगामाचे आकडे झाकून ठेवायचे, मशिनांना ते ओळखायला लावायचे आणि मग ताडून बघायचे, अशी चाचणी होती. आकडे जवळजवळ तंतोतंत जुळले! मोठे साहेब खूश. सगळ्या कारखान्यात पेढे वाटले.

संध्याकाळी संजयचा चेहरा उतरला. झाकून ठेवायची ती फाईल चुकून शिकवायच्या आकड्यांतच मिसळली होती. मशिनांनी ओळखलं काहीच नव्हतं, पाठ केलेलं म्हणून दाखवलं होतं.

"सर, पेपर फुटलेला," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी श्रीकांतनी स्वतः जाऊन मोठ्या साहेबांना सांगितलं. आम्ही दाराबाहेर घाम पुसत उभे. आतून साहेबांचा आवाज आला, "आणि माझे पेढे?"

"पेढे खरे होते, साहेब!"

नोकऱ्या वाचल्या. त्या दिवशी तिवारीजींनीच आम्हाला कचोऱ्या खिलवल्या. म्हणाले, "गलत जवाब की पार्टी मेरी तरफ से!"

*

मग साहेब एकदा खोलीत आले. एक मशीन नुकतंच नवं घेतलेलं, भारी, आणि ते गप्प बसलेलं.

"हे रिकामं का?"

"त्याचं जेवण झालंय, साहेब. पंगत उठायची वाट बघतंय."

श्रीकांतनी समजावलं. प्रत्येक मशीन आपल्या वाटणीचं गणित करतं. सहाही उत्तरं एकत्र झाली की मग पुढची फेरी, सगळ्यांची एकदम. एकाचं राहिलं तर बाकीच्यांनी थांबायचं.

"मग जेवतंय कोण अजून?"

"ते कोपऱ्यातलं. जुनं आहे, सावकाश चावतं."

"काढून टाका त्याला."

"भरल्या पानावरून उठवायचं, साहेब?"

साहेब आले तसे गेले. तिवारीजी पोट धरून हसत होते. कारण दुपारी आम्ही सगळे तिथंच सतरंजीवर जेवायचो, शेवटच्याचं झाल्याशिवाय उठायचं नाही हा श्रीकांतच्या घरचा नियम तिथंही चालायचा, आणि शेवटचे रोज श्रीकांतच असायचे. एकेक घास बत्तीस वेळा!

"भिया, कोने वाली मशीन बिलकुल आप पे गई है!"

*

हे सगळं त्या शनिवारी आम्ही एकमेकांच्या तोंडून काढून घेत सांगितलं. मला वर्षभरात इतकं हलकं वाटलं नव्हतं. पोट दुखेपर्यंत हसले मी, आणि कुणी मला खुर्ची दिली नाही.

तिवारीजींनी दाल-बाफले आणले होते, मी श्रीखंड. सतरंजी कधीच गेली होती. फरशीवर पत्रावळी मांडल्या आणि कोपऱ्यातल्या मशिनला पाठ टेकून जेवलो. जेवण झालं. बोलणंही झालं. हात सुकून गेले, तरी तिघंही बसून.

टेम्पोवाला दारात आला. "बाबूजी, उठा लें क्या?"

तिवारीजींनी त्याच्याकडे बघितलंही नाही.

"रुक जा भिया. अभी एक जने का बाकी है."

टेम्पोवाला चौकटीला टेकून उभा राहिला. हात धुवायचे तसेच राहिले.