जिंकून घरी पाठवलेली माणसं

फौजेतून परतलेल्या माणसाकडे सामान थोडं आणि किस्से फार. ट्रंक रिकामी झाली तरी हे आपले निघतातच!

आम्ही तिघं. मी रोह्याचा, धोंडू पाटील कासूचा आणि हवालदार म्हात्रे गडबचा. एकाहत्तरची लढाई संपली आणि पुढेमागे तिघांनाही घरी पाठवलं. गडबला हायवेवरच्या हॉटेलात बसलो की कोणीतरी सुरू करायचंच.

*

लढाईत धोंडूची दाढी ही एवढी वाढली, कोणी हूं की चूं केलं नाही. गोळीबार थांबला आणि दुसऱ्याच सकाळी परेड!

सुभेदारसाहेब धोंडूसमोर थांबले. "बटन कहाँ है?"

"साहब, नदी पार करते वक्त टूट गया."

"ढूँढा क्यों नहीं?"

"साहब, गोली चल रही थी."

"अब तो नहीं चल रही!"

झालं, पाठीवर पिठ्ठू, म्हणजे सामानाचं जड ओझं, बांधून मैदानाला फेऱ्या. धोंडू अजून म्हणतो, "लढाईत नाय रे चुकलो, शांततेत सापडलो!"

*

मी घरी आलो तर बाबांचा पहिला प्रश्न, "रजा किती?"

"रजा नाही बाबा, सोडलं मला."

आई ओवाळायला ताट घेऊन आली होती, ती दारातच थांबली.

बाबांनी विचारलं, "लढाई कोण जिंकलं?"

"आपण."

"मग काढलं कशाला? जिंकणाऱ्याला काढतात काय?"

लढाईसाठी फौज वाढवली होती, आता कमी करतायत, हे मलाच नीट समजलं नव्हतं. आळीत कुजबुज सुरू झाली, पोरगा पळून आला म्हणून. शेवटी बाबांनीच तोड काढली. कोणी विचारलं की सांगायचे, "लांबची रजा हाय."

बाबा वारले तोवर मी रजेवरच होतो!

*

धोंडूच्या घरचं मिठागर. एकदा उधाणाच्या भरतीला बांध फुटला, गाव धावलं. धोंडूच्या अंगात फौज संचारली. "लाईन बन! दाहिने मुड!"

निम्मे लोक उजवीकडे वळले, निम्मे त्याच्या तोंडाकडे बघत राहिले. पाणी आत!

एक बाई दुसरीला म्हणाली, "काय बोलतो गो यो?"

तेवढ्यात धोंडूची आई ओरडली, "अरं मेल्यांनो, चिखल आना!"

सगळे धावले. धोंडूही! बांध सावरला, पण बरंचसं मीठ गेलं. धोंडू म्हणाला, "ही ऑर्डर आमाला शिकवलीच नाय!"

*

मग मी पेणला गणपतीच्या कारखान्यात लागलो. मूर्ती कशाही मांडलेल्या, मला बघवेना. मालक जेवायला गेले तेवढ्यात मी सगळ्या उंचीप्रमाणे ओळीत लावल्या. काय शिस्त दिसत होती!

पण गिऱ्हाइकांनी आपापली मूर्ती जागेवरून लक्षात ठेवलेली. चतुर्थीच्या आदल्या दिवशी एकच गोंधळ! दोन घरं एका मूर्तीवरून हातघाईवर आली. मालक डोकं धरून बसले. मदतीला आलेला धोंडू त्यांना समजावतोय, "भांडता कशाला? बाप्पा पोस्टिंग मिळेल तिथं जाईल!"

*

म्हात्रे हवालदार बोलायचे कमी. एका दुपारी आपणहून बोलले.

लढाईनंतर त्यांची ड्यूटी पाकिस्तानी युद्धकैद्यांच्या कॅम्पवर होती, वर उत्तरेत. तारेपलीकडे एक वयस्कर कैदी होता. तो रोज विचारायचा, "हवालदार साहब, घर जाने की कुछ खबर?"

म्हात्रे म्हणायचे, "नहीं." मग जाऊन आपल्या साहेबांना तेच विचारायचे, "साहब, घर जाने की कुछ खबर?" तिथूनही नाहीच.

एक दिवस म्हात्र्यांच्या सुटकेची ऑर्डर आली. कैदी तिथेच राहिले. ट्रंक आणि बिस्तरा घेऊन म्हात्रे गेटकडे निघाले, तसा तो म्हातारा तारेजवळ धावत आला.

"कहाँ चले?"

"घर. छोड़ दिया मुझे."

म्हाताऱ्याचा चेहरा उजळला. त्यानं मागे वळून सगळ्यांना हाक दिली, "अरे सुनो! हवालदार साहब रिहा हो गए!"

आणि अख्खी बराक तारेशी येऊन टाळ्या वाजवायला लागली.

"मग तुमी काय केलंत?" धोंडूनं विचारलं.

"ट्रंक खाली ठेवली," म्हात्रे म्हणाले, "आणि कडक सॅल्यूट मारला. कोणाला, ते काय मला अजून कळलं नाय."